सुनेला मातीचे डोहाळे लागलेत, ताटात काय वाढू?

प्रश्न : माझी सून पहिलटकरीण आहे, पाचवा महिना चालू आहे. आम्ही अकोल्याजवळच्या खेड्यात राहतो. तिला सारखी माती खावीशी वाटते. मागच्या आठवड्यात चुलीमागच्या भिंतीचा पोपडा काढून खाताना मी तिला पाहिलं. माझ्या वेळी सासूबाई म्हणायच्या, मातीचे डोहाळे म्हणजे मुलगा. शेजारीण म्हणते, अंगात काहीतरी कमी आहे. मुलगा शहरातून डब्यातली पावडर, बदाम, केशर घेऊन येतो. कुणी सांगतं दोन जीवांचं खा. कुणी सांगतं जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल. पपई, केळी, तीळ, गूळ बंद करा असंही कानावर येतं. आमच्या घरी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि मिळेल ती भाजी असते. एवढ्यात तिचं भागेल का? तिच्या ताटात मी नेमकं काय वाढू?
— एक सासू, अकोला तालुका

उत्तर : ताई, ‘ताटात मी काय वाढू’ हा प्रश्न एका सासूनं विचारला, याचा मला फार आनंद झाला. गरोदर बाईच्या पोटात काय जाईल हे पुष्कळ घरांत तिच्या हाती नसतं, वाढणाऱ्याच्या हाती असतं. तुमच्या घरी वाढणारा हात तुमचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी मातीचं पाहू.

मातीची ओढ कशामुळे?

मातीचे डोहाळे फार जुने आहेत. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त, तिसऱ्या सर्गात, गरोदर सुदक्षिणा राणीच्या तोंडाला मातीचा वास येतो. कवी त्याचं कारणही देतो : पोटातला मुलगा पुढे साऱ्या पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून आईला आधीच मातीची गोडी लागली. तुमच्या सासूबाईंचं ‘माती म्हणजे मुलगा’ हे त्याच वळणाचं. काव्यात ते शोभतं. पण मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच वेळी, वडिलांकडून कोणतं गुणसूत्र आलं त्यावर ठरून गेलेलं असतं. डोहाळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तुमच्या शेजारणीचं म्हणणं मनावर घ्या. माती, खडू, राख, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ यांची अनावर इच्छा होणं याला वैद्यकात ‘पायका’ म्हणतात. अशी इच्छा होणाऱ्या पुष्कळ बायकांच्या रक्तात लोह कमी असतं आणि ते भरून निघालं की बऱ्याच जणींची ओढ आपोआप थांबते. आता कुणी म्हणेल, मातीत लोह असतंच, मग खाल्ली तर बिघडलं काय? मातीतलं लोह शरीराला फारसं उचलता येत नाही. उलट आपली चिकण काळी माती आतड्यात अन्नातलं लोह धरून ठेवते, म्हणजे आहे तेही वाया जातं. शिवाय मातीतून जंतांची अंडी पोटात जातात, आणि कपाशीच्या शेताजवळची माती असेल तर फवारणीचं औषधही. भिंतीला जुना रंग असेल तर त्यातल्या शिशाचा धोका वेगळा.

म्हणून सुनेवर रागावू नका. रागावलं की ती लपून खाईल आणि आपल्याला कळणारही नाही. तिला जवळ बसवा, विचारा, आणि याच आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

रक्त तपासल्यावर

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. ७ च्या खाली गेलं तर तो गंभीर समजतात आणि दवाखान्यातच उपचार लागतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दोघींत एक. तुमची सून त्यांतली एक निघाली, तर तो तिचा दोष नाही.

आपल्या विदर्भात आणखी एक तपासणी विसरायची नाही, ती सिकलसेलची. हा आजार आईवडिलांकडून येतो. त्यात रक्ताच्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि लवकर मोडतात. अशा बाईचं रक्त कमी दिसतं, पण त्याचं कारण निराळं असतं आणि उपचारही निराळे. सुनेची तपासणी झाली नसेल तर मुलाचीही सोबत करून घ्या.

सरकारी दवाखान्यातून आणि आशाताईंकडून मिळणारी लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक घ्यायची असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतरही १८० दिवस ती घ्यावी असा कार्यक्रम आहे. रक्तक्षय निघाला तर डॉक्टर मात्रा वाढवतात. या गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून कित्येक जणी ती गादीखाली ठेवून देतात. काळा रंग लोहाचाच असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर, झोपताना घ्यायला सांगा. मात्र चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी या तिघांपासून तिला दूर ठेवा. त्यांच्यासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या सकाळच्या आणि दुपारच्या जेवणासोबत द्या, लोहाची रात्री. चौथ्या महिन्यानंतर जंतांच्या औषधाची एक मात्राही देतात. माती पोटात गेलेली आहे, तेव्हा डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, लाजू नका.

या गोळीतल्या फॉलिक अ‍ॅसिडचा शोध ज्या वाटेनं लागला, ती वाट आपल्या महाराष्ट्रातून गेली आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांचं रक्त भयंकर कमी होत होतं आणि त्यांतल्या कित्येक दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून विल्स यांनी आधी जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग त्या बायका रोज काय खातात याकडे त्या वळल्या. यीस्टचा अर्क दिला की या बायका सुधारतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. अर्कातला तो अज्ञात घटक बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जात होता. १९४१ साली अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानावरूनच त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं. मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांच्या ताटात जे नव्हतं, त्याचा शोध घेता घेता जगभरच्या गरोदर बायकांची गोळी तयार झाली. सून ती टाकून देत असेल तर तिला ही गोष्ट सांगा.

आणखी एक. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची घडण गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत होते, म्हणजे पुष्कळदा पाळी चुकल्याचं लक्षात येण्याच्याही आधी. म्हणून ज्यांना मूल हवं आहे त्यांनी फॉलिक अ‍ॅसिड आधीपासूनच सुरू करावं. घरात लग्नाची दुसरी लेक किंवा सून असेल तर हे ध्यानात ठेवा.

दोन जीवांचं म्हणजे किती?

‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातल्या ‘दौहृद’ या शब्दाशी नातं सांगतो. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, आई दोन हृदयांची होते, म्हणून तिच्या इच्छा पुरवाव्यात, असं सुश्रुतसंहितेत आहे. दोन जीवांचं खावं, ही समजूत याच विचाराला धरून आली असावी. भावना चांगली आहे, हिशेब मात्र दुपटीचा नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर बाईला रोजच्यापेक्षा ३५० कॅलरी जास्त लागतात. एक मध्यम भाकर आणि वाटीभर घट्ट वरण, एवढ्यात त्या जवळपास भरतात. प्रथिनांची गरज मात्र झपाट्यानं वाढते : मधल्या तीन महिन्यांत रोज साडेनऊ ग्रॅम जास्त, शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जास्त. पेलाभर दूध, एक अंडं आणि मूठभर शेंगदाणे यांतून साधारण २० ग्रॅम मिळतात. म्हणजे भाताचा ढीग वाढवून उपयोग नाही. डाळ, उसळ, दूध, अंडं वाढवायला हवं.

‘जास्त खाल्लं तर बाळंतपण अडेल’ ही भीती मनातून काढून टाका. आपल्याकडे नेहमीची अडचण असते ती अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची. अशी बाळं लवकर आजारी पडतात आणि पुढे आयुष्यभर त्याची किंमत मोजतात. बाळ प्रमाणाबाहेर मोठं होण्याचं एक मोठं कारण म्हणजे आईच्या रक्तात वाढलेली साखर. त्यासाठी अर्धपोटी राहायचं नसतं, तपासणी करायची असते. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान होते. सुनेची दुसरी वेळ जवळ आलीच आहे. सुदृढ बांध्याच्या बाईचं वजन पूर्ण नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वाढतं. ती मुळात हडकुळी असेल तर याहून जास्त वाढायला हवं. दर महिन्याला वजन लिहून ठेवा. ताट पुरतं की नाही, ते त्यावरून कळेल.

आपलं वऱ्हाडी ताट

तुमच्या घरची ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण हा पाया पक्का आहे. ज्वारीत जो प्रथिनांचा घटक कमी असतो तो तुरीत भरपूर असतो, तुरीतला उणा घटक ज्वारी भरून काढते. भाकर-वरण एकत्र खाल्लं की दोघांचं बळ वाढतं. आता शेतं सोयाबीननं भरली, रेशनचा गहू-तांदूळ घरात आला आणि ज्वारी पुष्कळ घरांतून मागे पडली. तुमच्याकडे ती अजून आहे, तिला सोडू नका.

पण पाया म्हणजे घर नव्हे. वरण कसं आहे, ते पाहा. अकोल्याला डाळ मिलची रांग लागलेली आहे, आणि त्याच जिल्ह्यात गरोदर बाईच्या वाटीत वरणाचं पाणी आणि वर चार दाणे असतात. सुनेला वाढताना पातेल्याच्या तळातून पळी घाला. घट्ट वरण, दोन्ही वेळा, वाटी भरून. एका वेळी मोट, मूग, बरबटी किंवा हरभऱ्याची शिजवलेली उसळ.

दुसरी गोष्ट पाल्याची. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९० च्या दशकात सुमारे ८०० गरोदर बायकांचा अभ्यास केला. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले आहाराचे निष्कर्ष २००१ साली मांडले. ज्या बायकांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं अधिक भरलेली निघाली. एकूण कॅलरी किती खाल्ल्या त्यापेक्षा या तीन गोष्टींचा संबंध ठळक होता. या बायका तुमच्या-आमच्यासारख्या शेतात राबणाऱ्या होत्या, म्हणून हा अभ्यास मला फार जवळचा वाटतो.

पाल्यासाठी आपल्याला बाजार धुंडाळावा लागत नाही. हिवाळ्यात मेथी, पालक, हरभऱ्याचा कोवळा पाला. पावसाळ्यात तरोटा, अंबाडी. एरवी चिवळ, चवळाई, आंबट चुका, शेवग्याचा पाला. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून केली तर एका भांड्यात तिन्ही गोष्टी येतात. कापसाच्या शेतातली भाजी खुडताना अलीकडे फवारणी झाली आहे का, एवढं विचारा आणि दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या.

ज्वारी, डाळ आणि पाल्यातलं लोह शरीर सहजासहजी उचलत नाही. आंबट फळातलं क जीवनसत्त्व ते उचलायला मदत करतं. जेवताना वरणावर, उसळीवर अर्धं लिंबू पिळा. आवळ्याची फोड द्या, मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, कच्चाच वरून टाका. संत्री तर आपल्या घरची : वरूड-मोर्शीचा आंबिया बहार दिवाळीच्या आसपास आणि मृग बहार शिमग्याच्या आधी बाजारात येतो. बेदाणा नि बदाम परवडले नाहीत तरी संत्रं परवडतं. आणि जेवणावरचा चहा बंद. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर हवं, कारण चहा त्या जेवणातलं लोह अडवून धरतो. दिवसाला एखाद-दोन कप, त्याहून जास्त नको.

तिसरी गोष्ट ब-१२ या जीवनसत्त्वाची. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. भाजी-भाकरीत ते नसतं. पुण्याच्या त्याच अभ्यासात निम्म्याहून अधिक आयांच्या अंगात ते कमी होतं. घरात माळ असेल, अंडं चालत नसेल, तर दोन वेळा दूध किंवा दही ठरवून द्या आणि डॉक्टरांना ब-१२ बद्दल विचारा. अंडं चालत असेल तर रोज एक, पूर्ण उकडलेलं.

दिवसाचं ताट असं लावता येईल. सकाळी उठल्यावर दूध आणि दोन मुठी फुटाणे. न्याहारीला मोडाचे मूग शिजवून घातलेले पोहे किंवा तव्यावरचं थालीपीठ, सोबत दही. दुपारी दोन भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, लिंबू, कच्ची काकडी. चारच्या सुमारास शेंगदाण्याचा गूळ घालून केलेला लाडू आणि एक फळ. रात्री भाकर किंवा पोळी, उसळ, फळभाजी, जवसाची किंवा तिळाची चटणी, थोडा भात-ताक. मळमळत असेल तर हेच सहा वेळा, थोडं थोडं.

मुलगा आणतो त्या पावडरीबद्दल विचारलंत. घरचं ताट असं भरलेलं असेल तर तिची गरज नाही. बऱ्याच डब्यांत साखर भरपूर असते आणि त्या पैशात महिनाभराची अंडी, दूध येतात. डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिली तर गोष्ट वेगळी. केशरानं बाळ गोरं होत नाही. रंग आईबापाकडून येतो. बदाम चांगले, पण आपले शेंगदाणे त्यांच्या तोडीचे आहेत. मुलाची काळजी खरी आहे. त्याला सांगा, केशराऐवजी दर बाजाराला डझनभर अंडी आणि किलोभर संत्री आणत जा.

काय बंद, काय चालू?

पिकलेली पपई प्रमाणात चालते. कच्ची आणि अर्धवट पिकलेली नको. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली उंदरांवर प्रयोग करून पाहिलं. पिकल्या पपईनं काही झालं नाही, कच्च्या पपईच्या चिकानं मात्र गर्भाशय आकसलं. आपल्या आज्या पपईला घाबरायच्या त्यात तथ्य होतं, ते चिकाचं होतं. केळी, गूळ, तीळ, बाजरी यांच्यामुळे गर्भ पडतो, असं काही नाही. चटणीतले, लाडवातले तीळ तर कॅल्शियमसाठी उत्तम. फक्त रक्तातली साखर वाढलेली निघाली तर गूळ आणि गोड फळं डॉक्टरांना विचारून.

खरोखर बंद करायच्या गोष्टी अशा : खर्रा, गुटखा, मिश्री, तपकीर आणि दारू, थेंबभरही नको. न उकळलेलं दूध, कच्चं अंडं, उघड्यावरचं कापून ठेवलेलं फळ. कुणी दिलेली जडीबुटी आणि ‘मुलगा होण्याची’ औषधं तर अजिबात नकोत. उपास-एकादशीबद्दल माझी कळकळीची विनंती आहे : नऊ महिने आणि पुढे अंगावर पाजेपर्यंत तिचे उपास सोडवा. हरतालिकेचा निर्जळी तर नकोच. देवाला नमस्कार करून तुम्ही स्वतः तिला सांगितलंत, तर तिच्या मनाला टोचणी लागणार नाही.

पाण्याचं काय?

आपल्या भागात खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो गावांच्या विहिरी-बोअरला खारं पाणी आहे. तुमचं गाव त्यात येत असेल तर हा भाग दोनदा वाचा. बांगलादेशच्या किनाऱ्यावरच्या दाकोप भागात गरोदर बायकांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. खारं पाणी पिणाऱ्या बायकांमध्ये गरोदरपणातला रक्तदाब जास्त आढळला. हा रक्तदाब वाढला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. म्हणून पिण्याला आणि स्वयंपाकाला नळयोजनेचं किंवा गोड पाणी सुनेसाठी वेगळं राखून ठेवा. लोणचं, पापड, वरून मीठ कमी. दर भेटीत रक्तदाब मोजून घ्या. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करून दवाखाना गाठा.

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, पातळ ताक, कैरीचं पन्हं तासातासाला द्या. गोड पाणी दुरून आणावं लागत असेल, तर तो हंडा सुनेच्या डोक्यावर नको. पुण्याच्या त्याच अभ्यासात अतिकष्ट करणाऱ्या आयांची बाळं लहान निघाली होती. शेवटच्या तीन महिन्यांत वेचणी, निंदण, पाणी भरणं यांतून तिला मोकळं करणं हेही पोषणच आहे.

तिचं ताट कधी वाढायचं?

आता मूळ मुद्द्यावर येते. वर सांगितलेलं सगळं तुमच्या स्वयंपाकघरात येऊ शकतं, तरी सुनेच्या पोटात जाईलच असं नाही. आपल्याकडे आधी पुरुषांची पंगत, मग लेकरं, मग सासू, आणि सगळ्यांच्या शेवटी सून. तिची पाळी येते तेव्हा वरणाचा तळ दिसत असतो, भाजीचा रस्सा उरलेला असतो, अंडं संपलेलं असतं. मग ती भाकरीला चटणी लावून खाते आणि कुणी विचारलं तर ‘भूक नव्हती’ म्हणते.

हे फक्त आपल्याच घरात होत नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटाची बालमृत्यूंची दुःखद कहाणी तुम्ही अनेक वर्षं वाचत आला आहात. आदिवासी भागांसाठी महाराष्ट्र शासनानं २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं ताजं, चौरस जेवण अंगणवाडीत बसवून वाढतात. घरी नेलेला शिधा साऱ्या घरात वाटला जातो आणि आईच्या वाट्याला मूठभर उरतो. ती अंगणवाडीत बसून जेवली की तिचं जेवण तिच्याच पोटात जातं.

आपल्या अंगणवाडीतून घरी न्यायला पोषण आहार मिळतो. तो घ्या, पण सुनेचा म्हणून वेगळ्या डब्यात ठेवा. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. हे पैसे तिच्या खाण्यासाठी आहेत, बी-बियाण्यासाठी नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तिथे सुनेला तुम्ही स्वतः घेऊन जा आणि मातीचं आपल्या तोंडानं सांगा.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्षही तुम्हाला उपयोगी पडेल. पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला रोजचा खाऊ बायकांना गर्भ राहण्याआधीपासून दिला गेला. जिथे तो तीन महिने किंवा अधिक आधीपासून सुरू होता, तिथे बाळाचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनं वाढलं. गरोदरपणातला मधुमेह हा खाऊ खाणाऱ्या बायकांमध्ये ७.३ टक्के निघाला, तुलनेसाठीच्या गटात तो १२.४ टक्के होता. साधा पाला, साधं फळ, साधं दूध. फरक पडला तो ते रोज आणि आधीपासून पोटात गेल्यामुळे. बाळंतपण झाल्यावरही ताट तसंच भरलेलं ठेवा. अंगावर पाजताना तिला गरोदरपणापेक्षा जास्त अन्न लागतं.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे : ज्वारीची भाकर आणि तुरीचं घट्ट वरण तसंच राहू द्या. त्यात रोज एक पालेभाजी, एक फळ, दोन वेळा दूध-दही, चालत असेल तर अंडं, आणि जेवताना लिंबू एवढी भर घाला. गोळ्या नेमानं द्या. हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी याच आठवड्यात करा. आणि आज रात्रीपासून घरात एक नवा नियम लावा : पातेलं चुलीवरून उतरलं की पहिलं ताट सुनेचं वाढायचं, आणि ती जेवून उठेपर्यंत तुम्ही तिच्याजवळ बसायचं.